जवसाचं तेल आणि बोल्टचा आवाज

बाबांना रायफलच्या बोल्टचा, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या लोखंडी भागाचा, नुसता आवाज ऐकून कळतं की तेल कुठे कमी पडलंय. मी डायनिंग टेबलवर जुना पेपर पसरून, त्यावर जुनी चादर टाकून रायफल आडवी ठेवते, ते समोरच्या खुर्चीत बसतात आणि डोळे मिटून घेतात. मी बोल्टची दांडी उचलते, मागे ओढते, पुढे ढकलते, खाली पाडते. चार हालचाली, चार आवाज. मग ते म्हणतात, "तिसऱ्यात खरखर होऊन राहिली. मॅगझिनच्या वरच्या कडेले पाह्य." आणि खरंच तिथे धुळीचा एक बारीक थर असतो.

सहा वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. आधी उजवा, मग दोन्ही. चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. लायसन्स त्यांच्याच नावावर आहे, त्यामुळे रायफल बाहेर निघते ती फक्त ते समोर असताना, आणि हात चालतात माझे. पण पहिलं काम आम्ही दोघंही करतो. मॅगझिन म्हणजे काडतुसांची पेटी काढायची, बोल्ट मागे घ्यायचा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत जिथे काडतूस बसतं तिथे, डोळ्यांनी पाहायचं आणि मग करंगळी आत घालून पाहायची. मी पाहिलं तरी ते परत पाहतात, त्यांची ती हलणारी करंगळी चेंबरच्या तोंडाशी दोनदा-तीनदा आपटते आणि मग आत जाते, मी मदत करत नाही कारण त्यांना ते आवडत नाही. "रिकामी," असं ते म्हणाले की मगच माझं काम सुरू.

रायफल आजोबांची, .315 बोअर, कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या फॅक्टरीत बनलेली. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे, तिथे रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगायी, रात्री उभं पीक आडवं करायचे, म्हणून पीक संरक्षणासाठी ते लायसन्स मिळालं होतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तो सगळा मामला बदलला, आता वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जनावरावर गोळी झाडता येत नाही, आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं. त्यामुळे आमची रायफल वर्षानुवर्षं फक्त साफ होते. लोक विचारतात मग ठेवली कशाला. याचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे एवढं लिहितेय.

.315 हा आकडा कुठून आला हेही बाबांनीच सांगितलं. इंग्रजांच्या फौजेची रायफल .303 ची, आणि फौजेचं काडतूस साध्या माणसाच्या रायफलमध्ये चालता कामा नये असा इथे नियम होता. म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या 8 मिलिमीटर मॅनलिखर काडतुसाचा आकार घेतला आणि आत यंत्र मात्र तेच ठेवलं, ली-एनफील्डचं. जेम्स पॅरिस ली या माणसाची ती रचना. 1888 ला ती ली-मेटफर्ड नावाने फौजेत आली, 1895 ला नळीच्या आतल्या आट्या बदलल्या आणि तिचं नाव ली-एनफील्ड झालं, मग 1907 ची मार्क थ्री, आणि पुढे हीच रायफल आपल्या पोलिसांच्या खांद्यावर इतकी वर्षं राहिली की उत्तर प्रदेश पोलिसांनी ती 26 जानेवारी 2020 च्या परेडमध्ये निरोप देऊन सोडली. म्हणजे आमच्या टेबलवर जे यंत्र उघडं पडलेलं असतं त्याची मूळ कल्पना सव्वाशे वर्षांच्याही पलीकडची आहे, आणि त्यात बॅटरी नाही, गॅस नाही, काही नाही, फक्त माणसाचा हात.

आता त्या चार हालचालींत आत काय होतं ते सांगते, कारण खरी मजा तिथेच आहे.

दांडी उचलली की बोल्ट साधारण 60 अंश फिरतो. बोल्टला मागच्या बाजूला दोन कान आहेत, लग म्हणतात त्यांना, गोळी सुटताना सगळा मागचा धक्का हे दोन कान झेलतात. बोल्ट फिरला की ते आपापल्या खाचांमधून सुटतात. पण त्याच वेळी अजून एक गोष्ट होते जी मला कित्येक वर्षं दिसलीच नव्हती. बोल्ट नुसता फिरत नाही, फिरता फिरता तिरप्या कडेवरून घसरत तो किंचित मागेही येतो. केसाएवढा म्हणा ना. गोळी सुटल्यावर काडतुसाची पितळी केस, म्हणजे रिकामं नळकांडं, फुगून चेंबरला चिकटलेली असते, तिला मोकळं करायला ही पहिली ओढ लागते, आणि ती ओढ दांडीच्या लांबीमुळे मोठी होऊन मिळते, पहारीने दगड हलवतो तशी. मग मागे ओढलं की एक्स्ट्रॅक्टरचा आकडा केसच्या बुडाची कड धरून तिला बाहेर आणतो आणि शेवटी ती अडून उजवीकडे उडते. पुढे ढकललं की बोल्टची खालची कड मॅगझिनमधलं वरचं काडतूस पुढे लोटते, आणि शेवटच्या इंचभरात हाताला एकदम जोर लागतो. तो जोर स्प्रिंगचा. बोल्टच्या मागच्या टोकाचा भाग, कॉकिंग पीस, सियरवर, म्हणजे ट्रिगर दाबल्यावर सुटणाऱ्या खिळीवर, अडकून तिथेच थांबलेला असतो आणि बोल्ट पुढे जात राहतो, म्हणून मधली स्प्रिंग दबत जाते. दांडी खाली पाडली की कान पुन्हा खाचांत बसतात.

जर्मनांच्या 1898 च्या माउझरमध्ये हे उलटं आहे, तिथे दांडी उचलतानाच स्प्रिंग दबते आणि बोल्ट 90 अंश फिरतो. कान पुढे, चेंबरच्या अगदी जवळ. जाणकार सांगतात की ती रचना जास्त मजबूत आणि नेमासाठी जास्त चांगली, आणि धक्का पुढेच झेलला जातो त्यामुळे बोल्ट मागून दबत-वाकत नाही, हे खरंही आहे. पण मला लीची रचना आवडते. दांडी उचलायला फक्त मनगट असतं, पुढे ढकलायला अख्खा हात आणि खांदा असतो, तर जड काम खांद्याकडे दिलेलं बरं ना! पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश शिपायाला मिनिटाला 15 नेम धरलेल्या गोळ्यांचा सराव असायचा, त्यात या रचनेचा मोठा वाटा होता. आणि साफ करणाऱ्याच्या दृष्टीने बघाल तर मागचे कान फडक्याने सहज पुसता येतात, पुढच्या कानांच्या खाचा आत खोल असतात, तिथे कचरा बसला की काढताना जीव जातो.

बाबा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते. नागपुरात सगळे त्या भागाला डिफेन्सच म्हणतात, आमचं बालपण तिथल्याच क्वार्टरमध्ये गेलं. तिथे रायफली बनत नव्हत्या, तोफगोळ्यांचं काम, पण लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला दोन लोखंडी भागांमध्ये किती जागा हवी आणि किती नको हे बोटांनी कळतं. ते त्याला 'प्ले' म्हणतात. "प्ले पाहिजे, पण ढिल्ला नाही पाहिजे." घरातल्या दाराच्या कडीपासून माझ्या सायकलच्या चाकापर्यंत हे एकच वाक्य मी ऐकत मोठी झाले.

माझा हात मात्र आधी एनसीसीत बसला. कॉलेजला होते तेव्हा .22 ची डीलक्स रायफल, तीही बोल्टचीच, 25 यार्डांवर टार्गेट. आमचे उस्ताद हवालदार होते, हिमाचलकडचे, फायरिंगपेक्षा सफाईला दुप्पट वेळ लावायचे आणि आम्हा मुलींना त्याचा फार राग यायचा कारण बस निघून जायची. पुलथ्रूच्या दोरीत चिंदी अडकवायची, 4 इंच बाय 2 इंचाची, न त्याहून मोठी न लहान, चेंबरच्या बाजूने वजन सोडायचं आणि एका झटक्यात सरळ ओढायचं, मध्ये थांबायचं नाही. दोरी नळीच्या तोंडाला घासू द्यायची नाही, कारण गोळी शेवटचा स्पर्श तिथेच करून निघते, ती कड एका बाजूने झिजली की नेम गेला. जुन्या .303 च्या काडतुसांच्या टोपीतला (बुडाची ती बारीक टोपी, जिच्यावर मार बसला की ठिणगी पडते) मसाला असा होता की जळाल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरायचा, तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि तेलाने विरघळत नाही, म्हणून त्यांच्या वेळी उकळतं पाणी नळीतून ओतायचे आणि मगच तेल, हे ते सांगायचे. पावसाळ्यात तर चहाच्या आधी रायफलचं पाणी चुलीवर चढायचं म्हणे.

एवढं सगळं येत असून मी 2024 मध्ये जी चूक केली ती आता सांगते.

लोकसभेची आचारसंहिता लागली, नागपूरचं मतदान 19 एप्रिलला होतं, शस्त्रं जमा करायचा निरोप मार्चमध्येच आला. आदल्या रात्री मी रायफल काढली. लाकडी दस्त्याला आम्ही कच्चं जवसाचं तेल लावतो, हे आजोबांपासून चालत आलेलं, तळहातावर दोन थेंब घ्यायचे आणि लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं, लाकडाला जवसासारखं दुसरं काही नाही. दस्ता मस्त चकाकला. घाई होती, सकाळी ऑफिस होतं, बाबांना झोप आली होती, आणि हातात तेच फडकं होतं. मी त्याच फडक्याने बोल्ट पुसला. दांडी पुसली, मागचा भाग पुसला, आतल्या वाटेवरून फिरवलं. सगळं छान तुकतुकीत दिसत होतं. रिकामी आहे हे दोघांनी पाहिलं, स्प्रिंग सैल सोडली आणि सकाळी जमा करून पावती घेतली.

जूनमध्ये परत आणली तेव्हा दांडी उचलेना.

माझ्या मनात पहिलं हेच आलं की गंजली. तीन महिने कुठेतरी पडून राहिली, कोणी पाहिलं नसेल, ओल लागली असेल. मी तसं बोललेही, बरंच बोलले. मग घरातली रबरी हातोडी आणली.

बाबा म्हणाले, "थांब बाई. जोर काऊन लावून राहिली?"

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी विसरणार नाही. "माउझर राहिली असती तं दांडी जड लागली असती, समजू शकतो. आपल्या रायफलीत दांडी उचलताना स्प्रिंग दबते का?" अगदी किंचित, जड लागेल इतकी नाही. "मंग उचलताना जड काऊन?" म्हणजे स्प्रिंग नाही, ट्रिगर नाही, सियर नाही. जड आहे ते फक्त फिरणं. बोल्ट आणि तो जिच्यात सरकतो ती बॉडी यांच्यामधल्या त्या बारीक जागेत काहीतरी बसलंय. गंज असता तर बाहेर दांडीच्या बुडाशी कुठेतरी तांबूस दिसला असता, जून नुकता लागला होता, पाऊस धड पडला नव्हता, आणि मार्च ते मे नागपुरात गंज चढायला हवेत पाणी असतंच कुठे? पारा 45 ला टेकतो, ओठ फाटतात. त्यांनी नखाने बोल्टच्या मागच्या कडेवर खरवडलं. गुळाच्या पाकाची जशी पापडी सुटते तशी पिवळट तांबूस पापडी नखात आली. ती त्यांनी नाकाशी नेली, हात हलत होता म्हणून मीच मनगट धरलं.

"जवस."

जवसाचं तेल सुकतं. पाण्यासारखं उडून सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं, त्याची कातडी बनते, म्हणून तर चित्रकार लोक ते रंगात घालतात आणि काचा बसवायच्या पुट्टीत ते असायचं. लाकडाला हेच पाहिजे. यंत्राला हेच नको. आणि मी ते यंत्राला लावून नागपूरच्या उन्हाळ्यात तीन महिने बंद करून ठेवलं होतं, म्हणजे भट्टीतच ठेवलं म्हणायचं. ज्यांच्याकडे जमा केली होती त्यांची काडीची चूक नव्हती, आणि मी जे बोलले त्याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

बोल्ट बंद होता, म्हणजे चेंबर आतून दिसत नव्हतं. रिकामी आहे हे आम्हाला पक्कं माहीत होतं, मॅगझिन वेगळं होतं, पावती होती. तरी बाबांनी रायफल टेबलवर ठेवू दिली नाही. मागच्या अंगणात नेऊन नळीचं तोंड आंब्याच्या आळ्यातल्या मातीकडे करून ठेवायला लावली आणि उघडेपर्यंत ती भरलेलीच आहे असं समजून वाग म्हणाले. रॉकेल आता मिळत नाही, पेंटच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. दस्त्याला प्लास्टिक गुंडाळलं. ड्रॉपरने बोल्टच्या मागच्या फटीत, दांडीच्या बुडाशी, कानांच्या खाचेपाशी थेंब थेंब सोडला. मग बसलो. अर्धा तास, चहा झाला. दांडी थोडी हलली, सुतभर. परत थेंब. परत अर्धा तास. मला सारखं वाटत होतं की आता एक झटका दिला तर उघडेल, आणि बाबा प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणत होते. चौथ्या खेपेला दांडी अशी वर आली जशी कोणी आतून हात सोडला.

करंगळी आत घातली. दोघांनी.

मग बोल्ट मागे घेऊन त्याचं डोकं वर उचलून खाचेतून सोडवलं आणि अख्खा बाहेर काढला. उजेडात पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला. कानांवर पापडी होतीच, पण कॉकिंग पीसच्या मागून ते तेल आत स्ट्रायकरच्या वाटेतही उतरलं होतं. स्ट्रायकर म्हणजे जो पुढे जाऊन काडतुसाच्या टोपीवर आपटतो तो. तो चिकट वाटेतून गेला की मार हलका बसतो, टोपी फुटत नाही किंवा उशिरा फुटते, आणि उशिरा फुटणं फार वाईट, कारण माणूस तोवर बोल्ट उघडायला गेलेला असतो. म्हणून कधी ट्रिगर दाबूनही गोळी सुटली नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून थांबायचं, लगेच उघडायचं नाही, हे आम्हाला उस्तादांनी पहिल्याच दिवशी घोकून घेतलं होतं. सियरवर पापडी असती तर कॉकिंग पीस नीट अडकलाच नसता. एका फडक्याने हे सगळं होऊ शकलं असतं.

स्ट्रायकर खोलायला खास चावी लागते, ती आमच्याकडे नाही, आणि पक्कड लावून खोलायचं नाही हा घरचा नियम. बोल्टचं डोकं आट्यांवर असतं, ते हाताने फिरवून काढलं आणि पुढून टर्पेंटाइन ओतून, हलवून, निथळून, परत ओतून, असं तोवर केलं जोवर खाली वाटीत स्वच्छ पाणी यावं तसं ते आलं. कान आणि खाचा दातांच्या ब्रशने. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली आगकाडीला चिंदी गुंडाळून, तिथे पितळेचे बारीक सोनेरी कण निघाले, कोण जाणे किती सालचे. सगळं सावलीत वाळवलं. मग रायफलचं पातळ तेल, तेही बोटाला लागेल इतकंच, कानांवर ग्रीसचा एक ठिपका, आणि चेंबर पूर्ण कोरडं. चेंबर कोरडं का, तर गोळी सुटताना पितळी केस चेंबरच्या भिंतीला धरून बसते आणि धक्क्याचा काही भाग ती भिंत घेते. भिंत तेलकट असली की केस सटकते आणि सगळा भार बोल्टवर येतो. जवसाची फडकी आता आम्ही दोरीवर पसरून वाळवतो, गोळा करून कोपऱ्यात टाकत नाही, कारण जवस सुकताना गरम होतं आणि बोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. हे ज्यांच्या घरी लाकडाचं काम चालतं त्यांनीही लक्षात ठेवा.

बोल्ट परत घालताना बाबांनी नंबर वाचायला लावला. दांडीवरचा आणि बॉडीवरचा. दोन्ही एक. हे ते प्रत्येक वेळी करतात आणि त्यालाही कारण आहे.

मी एनसीसीत होते त्या वर्षी एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग तुटली म्हणून रायफल एका दुरुस्तीवाल्याकडे दिली होती. परत आली, छान चालत होती, रेंजवर तीन गोळ्या झाडून पाहिल्या, नेमही बरोबर. बाबांनी तिन्ही रिकाम्या केसेस खिशात टाकल्या आणि घरी येऊन खिडकीशी नेऊन फिरवत बसले. बुडापासून बोटभर वर, केसभोवती एक चकचकीत रेघ होती, अंगठी घासून घासून उजळते तशी. त्यांनी एका बारीक तारेचं टोक वाकवलं आणि आतून खरवडत नेलं, माझ्याही हातात दिलं. रेघेच्या जागी तार आत अडली. तिथे पितळ आतून ताणलं जाऊन पातळ झालं होतं, अजून थोडं ताणलं असतं तर केस तिथेच दोन तुकडे झाली असती आणि गरम गॅस मागे, चेहऱ्याकडे आला असता.

या काडतुसाच्या बुडाला कड असते, ती कड चेंबरच्या तोंडाशी टेकते आणि मागून बोल्टचं डोकं. या दोघांतली जागा म्हणजे हेडस्पेस. जागा जास्त झाली की केसचा पुढचा भाग भिंतीला धरून बसतो, बुड मागे ढकललं जातं आणि मधलं पितळ ताणतं. ही जागा इतकी नाजूक की .303 च्या नंबर फोर रायफलला चार वेगवेगळ्या लांबीची बोल्टची डोकी बनवायचे, 0 ते 3, आणि प्रत्येक रायफलला मोजून लावायचे. बाबांनी दांडीवरचा नंबर पाहिला तर तो आमचा नव्हताच. दुकानात दोन रायफली एकदम खोलल्या होत्या आणि बोल्ट बदलले गेले. आमचा बोल्ट दुसऱ्या कोणाच्यातरी रायफलमध्ये होता! बाबा त्याच दुपारी स्कूटर काढून गेले, भांडले नाहीत, फक्त त्या दुसऱ्या माणसाने अजून गोळी झाडली नाही ना एवढं आधी विचारलं.

बाकी नागपुरात रायफल सांभाळायची म्हणजे दोनच ऋतू सांभाळायचे. उन्हाळ्यात धूळ, तेव्हा तेल जितकं कमी तितकं चांगलं, ओल्या तेलावर धूळ बसून घासायची पेस्ट तयार होते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून पुसायची, आणि कॅनव्हास किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवायची नाही, ते ओल धरून ठेवतं. पुसल्यावर उघड्या बोटांनी लोखंडाला हात लावायचा नाही, घामाचे ठसे चार दिवसांनी तांबूस होऊन वर येतात. बाबांचा हात तर लागतोच, शेवटी एकदा ते बोल्टवरून हात फिरवतातच. मी नंतर परत पुसते.

मागच्या रविवारी सगळं झालं, बोल्ट बसवला, नंबर वाचले. जवसाच्या बाटलीवर मी आता पांढरी पट्टी लावून त्यावर 'फक्त लाकूड' असं लिहिलंय. बाबांनी डोळे मिटले. मी दांडी उचलली, ओढली, ढकलली, पाडली. ते काही बोलले नाहीत. मी परत केलं. बाहेर भाजीवाला ओरडत होता, तो पुढे जाईपर्यंत त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली, मग म्हणाले,

"हां, आता एक डाव कर. हळू."

मी हळू केलं.

"दुसऱ्यात कायतरी आहे," ते म्हणाले, आणि मी बोल्ट परत बाहेर काढला.